उंदरांचं तेल

४ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुमचं पत्र मिळालं. दिवसभर पोस्टाच्या काउंटरवर दुसऱ्यांच्या पत्रांवर शिक्के मारायचे आणि वर मला लिहायला बसायचं, कमाल आहे तुमची. फोनवर मोकळं बोलता येत नाही हे मला कळतं. दोन खोल्यांचं घर, दादा दिवसभर घरात, आणि फोन वाजला की तोच आधी उचलून "तब्येत उत्तम" म्हणून ठेवून देतो. पत्रच बरं.

मी बरी आहे. थंडीत डाव्या कुशीवरची खूण जरा ओढते, एवढंच. एका किडनीवर माणसाचं काही अडत नाही असं डॉक्टर म्हणाले होते ते खरं निघालं. दमते मात्र रोज. त्याला कारण किडनी नाही, उंदीर.

सध्या काय काम चाललंय म्हणून विचारलंत. सध्या मी कणीक मळते. हसू नका. आमच्या प्रयोगशाळेत उंदरांचे दोन गट आहेत. दोन्हींचं खाणं एकसारखं, फरक फक्त तेलाचा. एका पिठात सूर्यफुलाचं, दुसऱ्यात ऑलिव्हचं. गोंधळ नको म्हणून सूर्यफुलाच्या पिठात पिवळा रंग घालते आणि ऑलिव्हच्या पिठात लाल. मळायचं, गोळे वळायचे, वाळवायचे, पिंजऱ्यात टाकायचे. मग उंदरांना लस टोचायची आणि काही दिवसांनी त्यांच्या रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या पेशी मोजायच्या. इतकी वर्षं शिकून शेवटी उंदरांची आचारीण झाले, असं दादा म्हणेल. म्हणू दे.

पण गंमत खरंच आहे. प्रत्येक पेशीचं आवरण चरबीचं असतं, आणि आपण जे तेल खातो त्यातली मेदाम्लं त्या आवरणात जाऊन बसतात. काही मेदाम्लं लवकर खवट होतात, काही टिकतात. बरणीतलं तेल खवटतं तसं पेशीचं आवरणही खवटतं, आणि ते झालं की पेशी मरते. लाल गोळे खाणाऱ्या उंदरांच्या लढाऊ पेशी कमी मरतात आणि भराभर वाढतात. आमच्या प्रमुख बाई सहसा कशाने खूश होत नाहीत. त्यांनी परवा आकडे बघून चष्मा काढून पुसला. आमच्याकडे याला आनंद म्हणतात.

दादाच्या हाताच्या थरथरीचं वाचून वाईट वाटलं. एवढं मोठं ऑपरेशन होऊन वर्षही झालं नाही, अशक्तपणा असेलच. त्याला म्हणावं घाई करू नकोस. लोकांच्या कवळ्या थांबतील.

तुमची,
उंदरांची आचारीण


१९ फेब्रुवारी

प्रिय नणंदबाई,

तुझं पत्र काउंटरवरच फोडलं आणि रांगेतला माणूस खोकेपर्यंत वाचत बसले. कणकेचं वाचून हसले. इकडे मी दोघांची मळते, तिकडे तू दोनशेंची.

लोकांच्या कवळ्या थांबत नाहीत गं. एका दंतवैद्याने सगळं काम दुसऱ्या कारागिराकडे वळवलंय, दुसरे अजून धीर धरून आहेत. हे रोज सकाळी टेबलाशी बसतात. स्पिरिटचा दिवा लावतात, मेण मऊ करतात, चिमट्यात दात धरतात आणि दात पडतो. मग टेबलाखाली रांगत तो शोधतात. परवा म्हणाले, "आता दात पाडायचं काम धरावं, बसवायचं जमत नाही." मी हसले. दुसऱ्या खोलीत गेल्यावर हसू टिकलं नाही.

त्यात सर्दी. एक संपली की दुसरी. डॉक्टर म्हणतात, गर्दीत जाऊ नका, प्रतिकारशक्ती कमी आहे. दर खेपेला हेच. कमी आहे ते मलाही दिसतंय, वाढवायची कशी ते कोणी सांगत नाही. प्रत्येक जण फक्त विचारतो, काय खाता, मीठ किती, पाणी किती. मी सगळं तोंडपाठ सांगते.

तुझ्या पत्राने वाट दाखवली. घरातलं सूर्यफुलाचं तेल मी शेजारणीला देऊन टाकलं आणि ऑलिव्हचं आणलं. आता भाजीत तेच, भातावर तेच, रात्री कोमट करून चमचाभर वेगळं. उंदरांच्या लढाऊ पेशी वाढतात, तर माझ्या नवऱ्याने काय घोडं मारलंय? ह्यांना मी कारण सांगितलं नाही. उंदरांचं तेल म्हटलं असतं तर ताटावरून उठले असते.

किती द्यायचं ते तू कळव. तुझी ठेव आहे आमच्या घरात. तिला काही होऊ देणार नाही मी.

तुझी वहिनी


२ मार्च

प्रिय वहिनी,

उत्तराला उशीर झाला. इकडे पिवळ्या गटातले काही उंदीर आजारी पडले, त्यांच्यामागे पळत होते. संध्याकाळी घरी येऊन अंगावरचा पिंजऱ्यांचा वास घालवायचा आणि पडायचं, एवढाच दिवस.

तेल बदललंत हे वाचलं. उंदीर वेगळा आणि माणूस वेगळा, वहिनी. आम्ही उंदरांना दुसरं काहीच खाऊ देत नाही, म्हणून एवढा फरक दिसतो. दादा तेलाशिवाय आणखी शंभर गोष्टी खातो. तेव्हा फार अपेक्षा ठेवू नका, आणि रात्रीचा वेगळा चमचा नको. भाजीत घालता तेवढं पुरे. एरवी तेल चांगलंच आहे, वाईट काही नाही.

आणि ठेव वगैरे म्हणू नका. मी दिलं, त्याने घेतलं, संपलं. तुम्ही कामावरून आल्यावर जरा पाठ टेकता का? तुमच्या पत्रांत तुमच्याबद्दल एक ओळ नसते.

तुमची,
आचारीण


६ एप्रिल

प्रिय नणंदबाई,

बैस आधी. उभ्याने वाचू नकोस.

ह्यांचे हात थांबले. म्हणजे थरथर थांबली. गेले दोन-तीन आठवडे कमी होत होती, पण मी बोलले नाही, दृष्ट लागेल म्हणून. परवा कामावरून आले तर हे टेबलाशी पाठमोरे बसलेले. दिव्याची ज्योत सरळ, आणि मेणात दात बसवण्याचं काम चाललेलं, एकापुढे एक, जसं पूर्वी चालायचं. मी दारातच थांबले. चिमट्यातला दात पडला नाही. शेवटी मागे न बघता म्हणाले, "पोस्टमास्तरीणबाई, दार लावा, वाऱ्याने मेण गार होतंय." मी दार लावलं आणि मोरीत जाऊन पोटभर रडले.

खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांची संपूर्ण कवळी केली. मास्तरांनी ती घालून जिन्यात सगळ्यांना दात दाखवले. ज्याने काम वळवलं होतं त्या दंतवैद्याकडूनही दोन साचे आलेत. हे जेवताना बोलतात, शिट्टी वाजवतात. ऑपरेशननंतर घरात पहिल्यांदा शिट्टी ऐकली.

तू काहीही म्हण, हे तेलाचंच. उंदीर वेगळा आणि माणूस वेगळा, मान्य. पण गुण येतोय तर मी का नाकारू? सर्दीसुद्धा परत आलेली नाही. रात्रीचा चमचा मी बंद केला नव्हता, आता सांगून टाकते. रागावू नकोस.

एक बारीकशी गोष्ट. मागच्या तपासणीत ह्यांच्या रक्तात ऑपरेशननंतर सुरू झालेल्या गोळीचं प्रमाण कमी भरलं. डॉक्टरांनी सकाळची गोळी वाढवली. हे एवढंसं तोंड करून आले. मी म्हटलं, एक गोळी जास्त, त्यात काय. सकाळी कामावर निघताना मी ह्यांच्या टेबलाशी उभी राहते, हातावर गोळी ठेवते, पाणी देते, आणि तोंडात टाकलेली बघूनच निघते. संध्याकाळचीही तशीच. त्यामुळे तू निश्चिंत राहा.

माझ्याबद्दल ओळ हवी होती ना? ही घे. मी परवा रात्रभर सलग झोपले.

तुझी वहिनी


१४ एप्रिल

प्रिय वहिनी,

बसूनच वाचलं. दोनदा वाचलं. दादा शिट्टी वाजवतोय हे वाचून मी पिंजऱ्यांच्या खोलीत एकटीच हसले. बाईंनाही सांगितलं की माझा भाऊ पुन्हा कामाला लागला. त्या नुसतं "छान" म्हणाल्या आणि मापनाचे आकडे पुढ्यात टाकले.

रागावत नाही, पण चमचा खरंच बंद करा. तेलकट खाण्यावर घेतली तर ती गोळी नीट अंगी लागत नाही, असं मी ऐकलंय. प्रमाण कमी भरलं ते त्यामुळेच असेल. गोळी रिकाम्या पोटी द्या, आणि पुढचा रिपोर्ट आला की लगेच कळवा.

इकडे प्रयोग पुन्हा पहिल्यापासून करायचाय. पुन्हा कणीक. माझी बोटं कायमची लालसर झाली आहेत.

तुमची,
आचारीण


२० मे

प्रिय नणंदबाई,

लगेच कळव म्हणाली होतीस. मी कळवलं नाही. पुढचा रिपोर्ट मेच्या सुरुवातीलाच आला होता. किडनीच्या तपासणीतलं ते क्रिएटिनिन वाढलं होतं, थोडंसं. डॉक्टर म्हणाले, परत बघू. मी मनाशी म्हटलं, परत बघू, मग हिला सांगू. परत बघितलं तर आणखी वाढलंय. पाय सुजलेत. सकाळी चपला जात नाहीत पायात.

गोळी आता रिकाम्या पोटीच देते. चमचा बंद, तेल बंद. उरलेलं सगळं तेल मी ओतून दिलं. भाज्या नुसत्या उकडून वाढते आणि हे मुकाट्याने खातात, "बेचव आहे" असंही म्हणत नाहीत. त्याचीच जास्त भीती वाटते.

आज दवाखान्यात बाकावर बसले होते. समोर भिंतीवर एक तक्ता होता, नवीन किडनी बसवलेल्या लोकांसाठी. त्यात लिहिलं होतं, की शरीराच्या लढाऊ पेशींना नवी किडनी परकी वाटते, त्या तिच्यावर तुटून पडतात, म्हणून आयुष्यभर गोळ्या घेऊन त्यांना दाबून ठेवायचं. इतक्या महिन्यांत मी त्याच बाकावर बसत होते आणि तो तक्ता कधी वाचला नव्हता.

म्हणजे प्रतिकारशक्ती कमी होती ती मुद्दाम कमी ठेवली होती. आणि मी त्याच पेशींना चमच्याने भरवत होते. हे मी केलं ना? मला खरं सांग. बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. तू हाडामांसातलं काढून दिलंस आणि मी घरात बसून ते जाळलं. काउंटरवर काल मी एकाच पाकिटावर तीनदा शिक्का मारला. मला आता काही सुधरत नाही.

तुझी वहिनी


२४ मे

प्रिय वहिनी,

आज दुपारी मी काउंटरवर फोन केला तेव्हा तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात आणि ठेवलात. मागे गर्दी असेल. मी जे घाईत बोलले ते आता नीट लिहिते, म्हणजे तुम्हाला पुन्हा वाचता येईल.

तुम्ही काही जाळलेलं नाही. तुमचं पत्र घेऊन मी सरळ बाईंकडे गेले. त्या मुळात डॉक्टर आहेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला वेड्यात काढलं. म्हणाल्या, स्वयंपाकघरातल्या तेलाने माणसाची किडनी जात असती तर अर्धं जग मेलं असतं, तू उंदरांत राहून उंदरासारखा विचार करतेस. मग विचारलं, "भावाचे हात थरथरतात का?" मी कौतुकाने सांगितलं, नाही, अगदी थांबले. त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, "ती गोळी घेणाऱ्या बऱ्याच जणांचे हात थरथरतात. तो अशक्तपणा नव्हे, गोळीचाच परिणाम. डोस वाढवूनही थरथर थांबली असेल तर गोळी पोटात जाते का ते आधी बघा."

वहिनी, मी रोज पेशी मोजते आणि मला हे दिसलं नाही. तुम्ही लिहिलंत, हात थांबले, आणि मी हसले. माझ्या डोक्यात तेलच होतं, तुमच्याही.

आणखी एक. तुम्ही तेल बदललंत तेव्हा मी उत्तरात एक वाक्य लिहिलं होतं, की दादाच्या त्या पेशी वाढायला नकोत, झोपलेल्याच बऱ्या. मग तो कागद फाडला आणि दुसरा लिहिला. तुम्ही इतक्या आशेने लिहिलं होतं, आणि तेवढ्या तेलाने काही होत नाही हे मला ठाऊक होतं. उगाच कशाला घाबरवा, असं वाटलं. लिहिलं असतं तर आज तुम्ही अशा स्वतःला खात बसला नसता.

आता त्याला विचारा. प्रेमाने नको, सरळ विचारा. आणि आजच दवाखान्यात न्या.

तुमची नणंद


३ जून

ताईसाहेब,

धाकट्या बहिणीला ताई म्हणावं लागतंय यातच ओळख, की माणूस अडचणीत आहे. वॉर्डात आहे. हाताला सलाईन आहे, औषध जोरात चाललंय, आणि गोळीही आता नर्सबाई तोंड उघडायला लावून गिळवतात. अक्षर लागलं नाही तर समजून घे.

तू काउंटरवर फोन केलास त्या दिवशी तुझी वहिनी कामावरून आली. चप्पलही काढली नाही. माझ्या टेबलावरची हातोडी उचलली आणि फळीवरचे प्लॅस्टरचे साचे एक-एक करून फोडायला लागली. तिला कसं कळलं मला माहीत नाही; सकाळी गोळी देताना पुढ्यात ओलं प्लॅस्टर रोज दिसायचं, त्यावरून ताडलं असेल. तिसऱ्या की चौथ्या साच्यात गोळ्या निघाल्या. मग ती खाली बसली.

सांगतो. सकाळची गोळी घेतली की तासाभराने हात सुरू व्हायचे आणि संध्याकाळपर्यंत थांबायचे नाहीत. गोळ्यांच्या डब्यातल्या बारीक अक्षरांच्या कागदावर ते लिहिलेलं होतं. तुम्ही दोघी त्याला अशक्तपणा म्हणत होतात. मी म्हटलं, म्हणू देत. मग एक दिवस गोळी गालात धरून ठेवली. तुझी वहिनी कामावर गेल्यावर थुंकली. पुढ्यात वाडग्यात ओलं प्लॅस्टर होतं, त्यात दाबली. त्या दिवशी दुपारी हात माझे होते. कचऱ्यात टाकायला मन होत नव्हतं, एवढ्या महागाच्या आणि एवढ्या मोलाच्या. प्लॅस्टरमध्ये ठेवल्या की टाकल्यासारखं वाटत नव्हतं. मूर्खपणा आहे, कळतंय. काही साचे दंतवैद्यांकडे गेलेसुद्धा. गावातल्या निम्म्या दवाखान्यांत माझं औषध पोचलंय.

संध्याकाळची मी इमानाने घेत होतो. मला वाटलं, अर्ध्यावर भागेल. डॉक्टरांनी प्रमाण कमी म्हणून डोस वाढवला, तेव्हा तर आणखीच घ्यावीशी वाटेना.

तू मला मरणातून काढलंस हे मी विसरलेलो नाही. पण जगायचं म्हणजे दिवसभर काय करायचं ते कोणी सांगितलं नाही गं. टेबलाशी बसून दात पडताना बघायचे? मला दुसरं काही येत नाही. दर भेटीत सगळे विचारायचे, काय खाल्लं, किती प्यायलं. तुम्ही सगळे माझ्या ताटात बघत होतात. हातांकडे कोणी बघितलं नाही. बघितलं तेव्हा तुम्ही खूश झालात.

इथल्या डॉक्टरांना मी सांगितलंय, विसरत होतो म्हणून. त्यांनी झापलं. ते बरोबरच आहे.

तुझा दादा


९ जून

दादा,

तू आजारी आहेस म्हणून मी राग गिळायला हवा. गिळणार नाही. गिळून काय होतं ते आपण बघतोय.

तुझ्या पत्रातलं निम्मं मला पटलं. हातांकडे आम्ही बघितलं नाही, खरं आहे. मी तर जास्तच दोषी, माझं कामच बघण्याचं. हात गेल्यावर तुझं काय होतं ते मी समजू शकत नाही, पण कल्पना करू शकते. किडनीचं म्हणशील तर तेही मी सोडून देईन. ऑपरेशनच्या दुसऱ्या टेबलावर मी माझ्या मर्जीने झोपले होते. दिलेल्या वस्तूचं घेणाऱ्याने काय केलं हे विचारायचं नसतं, असं मी स्वतःला चार दिवस समजावतेय. कधी ना कधी पटेल.

पण तुझ्या पायावर सूज आल्यावर वहिनी तुला उकडलेल्या भाज्या वाढत होती. तिला वाटत होतं की तिने तेल घालून तुला मारलं. तिने मला विचारलं, हे मी केलं ना. तू तिच्यासमोर बसून त्या भाज्या खाल्ल्यास. तुला ठाऊक होतं कारण काय आहे, आणि तू एक अक्षर बोलला नाहीस. तिने तेलाची बाटली मोरीत ओतली तेव्हा तू कुठे होतास? टेबलाशीच ना? हात चालत होते ना?

हे मी सोडणार नाही. तुझ्या गोळ्यांचा हिशेब डॉक्टर करतील. हा हिशेब तू वहिनीशी कर.

आता कामाचं. बाई म्हणतात, तुझ्या गोळीऐवजी दुसऱ्याही गोळ्या असतात. काहींनी हात कमी थरथरतात. सगळ्यांना लागू पडतात असं नाही, आणि किडनी आधीच दुखावलेली असताना बदल करणं जास्त जोखमीचं. पहिल्याच महिन्यात हातांचं बोलला असतास तर सोपं होतं. अजूनही बोलता येईल. "विसरत होतो" म्हणालास तर डॉक्टर तुला डबीवर वार लिहून देतील, दुसरं काय देणार? खरं कारण सांग.

मी सुट्टी मागितली आहे. उंदरांचं कोण बघणार ते ठरलं की येते.

बहीण


१८ जुलै

प्रिय नणंदबाई,

तू येऊन गेलीस त्याने बरं वाटलं. तू आणि हे तीन दिवस एकमेकांशी बोलला नाहीत आणि चौथ्या दिवशी पत्ते खेळलात, तुमच्या घराण्याची ही तऱ्हा मला लग्नापासून माहीत आहे.

ह्यांनी तुझं पत्र मला वाचायला दिलं. तू गेल्यावर, संध्याकाळी, माझ्या पुढ्यात ठेवलं आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. मी वाचून झाल्यावर म्हणाले, "माझं चुकलं. त्या भाज्यांचं." एवढंच. मी म्हटलं, फार चुकलं. मग मी खूप बोलले. काय बोलले ते लिहीत नाही, वर्षभराचं साठलेलं होतं. हे ऐकत राहिले, मध्ये एकदाही विनोद केला नाही.

किडनी चालते आहे. पूर्वीइतकी नाही. जेवढी गेली तेवढी परत येणार नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. उरली आहे ती किती वर्षं टिकेल ते कोणी सांगत नाही, मीही विचारलं नाही. गोळ्या दोन्ही वेळच्या घेतात, मी बघत नसले तरी. मी बघायचंच सोडलंय. पाळत ठेवून दमले गं मी. आणि हात पुन्हा तसेच. चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात. टेबलावर कापड टाकून ठेवलंय.

वॉर्डातून सुटल्यानंतर आज मोठ्या डॉक्टरांकडे पहिली भेट होती. वाटेत मी म्हटलं, खरं कारण सांगणार ना? म्हणाले, बघू. त्यांचं "बघू" मला ठाऊक आहे. त्याचा अर्थ "नाही" असा असतो.

आत गेलो. डॉक्टरांनी कागद उलटले आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "हं, खाण्यापिण्याचं काय?" ह्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण त्याचं उत्तर मीच देते. मीठ, पाणी, तेल, सगळं माझ्या ओठांवर होतं. मी म्हटलं, "डॉक्टर, ते राहू दे. ह्यांना हातांचं विचारा. हे दात बसवतात."

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली आणि म्हणाले, "दाखवा." ह्यांनी हात पुढे केले. बराच वेळ तसेच धरून ठेवले, थरथरते, आणि मग बोलायला लागले. मेण किती मऊ लागतं, दात किती कलवून बसवावा लागतो, केसभर चुकलं तर चावताना हिरडी कशी सोलते. मग प्लॅस्टरचंही सांगितलं, सगळं. मी उठून बाहेर आले. ते माझ्यासमोर सांगायला लागू नये म्हणून.

बाहेर त्याच बाकावर बसले, तक्त्यासमोर, आणि मला झोप लागली.

जाग आली तेव्हा हे शेजारी बसले होते, हातात नव्या गोळीची चिठ्ठी. म्हणाले, "बदलून दिली. दर आठवड्याला रक्त तपासायचं. हातांना गुण येईल का, किडनीला झेपेल का, काही सांगता येत नाही म्हणाले." मी म्हटलं, बरं. ते म्हणाले, "चल घरी."

मी म्हटलं, "थांबा जरा. मला अजून झोपायचंय." आणि खरंच पुन्हा झोपले.

तुझी वहिनी